शस्त्राच्या आधी शब्द

आषाढवारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी तरडगावाहून निघाली, की आमच्या फलटण गावी मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात कोणाची चूल विझलेली नसते. दारात आलेल्या वारकऱ्याला हात धरून बसवावयाचे, पानात वाढावयाचे आणि तो ‘पुरे’ म्हणाला, की ‘अहो, एवढं तरी घ्याच’ म्हणून आणखी वाढावयाचे, ही येथली रीत. आमची माया पानातून मोजली जाते. कोणी पान टाकून उठला तर वाढणाऱ्याच्याच मनाला लागते.

तीन वर्षांपूर्वी पालखी पुढे बरडकडे गेल्यावर चारच दिवसांनी मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, घेऊन पुण्याच्या गाडीत बसलो. आक्काची उंची बेताची, वजन ११८ किलो. मधुमेह आठ वर्षांचा, गुडघे कुरकुरणारे, आणि रात्री झोपेत श्वास अडकून दचकून उठण्याची सवय. पुण्याच्या शल्यवैद्यांनी तपासण्या पाहिल्या, जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया तुम्हाला उपयोगी पडेल असे सांगितले, आणि वर म्हणाले, “पण त्याआधी आमच्या समुपदेशक बाईंना भेटा. दोन-चार बैठकी होऊ द्या.” आक्का तेथे काही बोलली नाही. परतीच्या गाडीत मात्र लोणंद येईपर्यंत गप्प बसून एकदम म्हणाली, “मी काय वेडी आहे का रे? पोट कापायचं तर माझं डोकं कशाला तपासतात?”

आक्काच्या या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला देता आले नाही. मी इतिहास शिकविणारा मास्तर. वैद्यकातले मला काय कळणार? परंतु कोणताही प्रश्न पडला, की ‘हे केव्हापासून आणि कशामुळे?’ असे विचारण्याची खोड आमच्या धंद्याला असते. त्या खोडीपायी जे वाचावयास मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

लठ्ठपणाचा इतिहास शोधू लागलो तर पहिली गाठ पडते ती निंदेशी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायाचे नावच ‘अष्टौनिन्दितीय’ असे आहे. शरीरावरून ज्यांची निंदा होते अशी आठ प्रकारची माणसे तेथे सांगितली आहेत: अतिउंच, अतिठेंगणा, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. या आठांपैकी लठ्ठ आणि कृश या दोघांचाच विस्ताराने विचार केलेला आहे. लठ्ठ माणसाचे आयुष्य घटते, हालचाल मंदावते, घाम फार येतो, भूक आणि तहान आवरत नाही, ही निरीक्षणे आजही कोणी खोडून काढणार नाही. पण कारणे सांगताना चरक व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या जोडीला सदा आनंदी राहणे आणि चिंता न करणे यांचीही नावे घेतात. उपायांत जागरण आणि व्यायाम यांच्याबरोबर चिंतनही वाढवावयास सांगतात! जाडा माणूस म्हणजे सुखी माणूस, त्याला कसली काळजी नाही, हा समज इतका जुना आहे. आपल्या नाटकांतला आणि चित्रपटांतला ‘ढब्बू’ याच समजातून जन्मला. तो हसतो आणि हसवतो. घरी गेल्यावर काय करतो, हे कोणी विचारीत नाही.

युरोपातही निराळे काही नव्हते. दहाव्या शतकात स्पेनमधल्या लिऑन राज्याचा सांचो नावाचा राजा इतका स्थूल होता, की ९५८ साली सरदारांनी त्याला गादीवरून खाली ओढले. त्याची आजी टोडा ही नवाराची राणी. तिने नातवाला कॉर्डोव्याच्या खलिफाकडे नेले आणि तेथील ज्यू राजवैद्य हसदाई इब्न शाप्रूत याने त्याच्यावर उपचार केले. राजा हलका होऊन परतला आणि ९६० च्या सुमारास पुन्हा गादीवर बसला. त्याचे ओठ शिवून त्याला नुसत्या पातळ पदार्थांवर ठेवले होते, अशी दंतकथा आहे. ती खरी की खोटी, हा वाद येथे नको. पण ‘तोंड बंद केले म्हणजे काम झाले’ ही कल्पना मात्र हजार वर्षे टिकली, हे ध्यानात ठेवा. कारण विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात पाश्चात्त्य देशांत खरोखरच काही रुग्णांचे जबडे तारेने बांधून ठेवीत असत. तार असेपर्यंत वजन उतरे. तार सोडली, की बहुतेकांचे वजन पुन्हा होते तेथे येई. तारेने जबडा बांधता येतो हो, मन कसे बांधणार?

आता शस्त्रक्रियेचा इतिहास पाहू. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा येथील क्रेमेन आणि लिनर या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देण्याच्या शस्त्रक्रियेचे वृत्त प्रसिद्ध केले. अन्न आतड्यातून घाईने पुढे गेल्यामुळे अंगी लागत नसे आणि वजन उतरे. परंतु त्याबरोबर अतिसार, मूत्रपिंडातील खडे आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे, अशी संकटेही आली. पुढे ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ साली आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनी निराळा मार्ग धरला. व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला आहे, त्यांचे वजन सहसा वाढत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा त्यांनी जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. आज ‘बायपास’ म्हणतात ती हीच वाट. १९९४ साली विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे वृत्त दिले, आणि पोटावरच्या लांब छेदाची जागा चार-पाच लहान छिद्रांनी घेतली. पुढे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवण्याची ‘स्लीव्ह’ पद्धत रूढ झाली. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते आणि ‘स्लीव्ह’मध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणजे ही शस्त्रक्रिया नुसती पिशवी लहान करीत नाही, भुकेचा निरोपही बदलते.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात रुळली. नितीन गडकरी यांनी ती २०११ साली मुंबईत करून घेतली आणि वर्तमानपत्रांतून तिचे नाव घरोघरी पोचले. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. एके काळी ज्या माणदेशाच्या कडेला दुष्काळाची कामे निघत, त्या आमच्या भागात नीरेचा उजवा कालवा आला, ऊस आला, साखरवाडीला साखर झाली. दोन पिढ्यांत आम्ही भाकरीच्या चिंतेतून वजनाच्या चिंतेत आलो. मुलाने ताट पुसून खाल्लेच पाहिजे, असे बजावणारी आजी काही वाईट नव्हती. तिने उपाशी दिवस पाहिले होते.

मग मनाचा संबंध आला कोठून? येथे दोन टोकांची मते होऊन गेली. एक मत असे, की लठ्ठपणा हा सगळा मनाचाच दोष. माणूस हावरा, जिभेचा गुलाम. दुसरे मत, की हा सगळा नळजोडणीचा प्रश्न. नळी वळवली की झाले. इतिहासाने दोन्ही मते खोटी पाडली.

पहिल्या मताला धक्का दिला अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने. त्याने १९८६ साली डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या माणसांची वजने तपासली. ती जुळली जन्मदात्या आईबापांशी. ज्यांच्या घरी वाढले, ज्यांच्या पानात जेवले, त्यांच्याशी नव्हे. म्हणजे ‘तुझ्याच तोंडाला कुलूप नाही’ असे जे आपण आक्कासारख्यांना येताजाता ऐकवतो, त्यात निम्मे अज्ञान आणि उरलेला दुष्टपणा असतो.

दुसऱ्या मताला धक्का देणाऱ्यांतही हाच स्टंकार्ड होता. दिवसा जेमतेम खाणारी, पण रात्री झोप न लागता उठून खाणारी माणसे त्याने १९५५ साली वर्णन केली. १९५९ साली, थोड्या वेळात भान हरपून खूप खाणाऱ्यांचे वर्णन त्याने केले. या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळावयास २०१३ साल उजाडले. त्याआधी, महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले होते. ते तरुण चिडके झाले, उदास झाले, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पोट मनावर किती सत्ता चालविते, ते त्या तरुणांनी दाखविले; आणि मन पोटावर किती सत्ता चालविते, ते स्टंकार्डच्या रात्री उठणाऱ्या माणसांनी.

खरे तर आपल्या मराठीला हे आधीपासून ठाऊक आहे. आपण अपमान गिळतो, राग गिळतो, दुःख पोटात ठेवतो. आईची माया पोटात असते, काळजीने पोटात खड्डा पडतो, आणि मिळावयाचे नसते त्याचे मांडे आपण मनात खातो. ज्या भाषेत सगळ्या भावना पोटात राहतात, त्या भाषेच्या माणसाला ‘पोट कापायचं तर डोकं कशाला तपासता’ हा प्रश्न खरे म्हणजे पडू नये.

१९९१ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने या विषयावर तज्ज्ञांची परिषद भरविली. कोणत्या वजनापुढे शस्त्रक्रिया योग्य, याचे निकष तिने ठरविले. आणि रुग्णाची निवड एकट्या शल्यवैद्याने न करता वैद्य, शल्यवैद्य, मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून करावी, असेही सांगितले. आक्काला जी चिठ्ठी मिळाली, तिचे मूळ येथे आहे. पुढे वजनाचे निकष बदलले, आशियाई माणसांसाठी ते खाली आणले गेले, परंतु मनाची विचारपूस कायम राहिली.

ती का राहिली, हे सांगणारे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील युटा राज्यात शस्त्रक्रिया झालेल्या ७,९२५ जणांची, शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच स्थूल माणसांशी सरासरी सात वर्षे तुलना केली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मृत्यू एकंदरीत सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. मधुमेहाने होणारे मृत्यू तर फारच कमी. शस्त्रक्रियेच्या बाजूने याहून मोठी साक्ष कोणती? परंतु त्याच पाहणीत अपघात, आत्महत्या यांसारख्या, रोगाने न झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत ५८ टक्क्यांनी जास्त निघाले. एकंदर संख्या लहान, हे खरे. पण त्यातला प्रत्येक जण कोणाचे तरी माणूस होता. २०१२ सालच्या दुसऱ्या पाहणीत दारूच्या व्यसनाचा त्रास असणारे शस्त्रक्रियेपूर्वीच्या वर्षी ७.६ टक्के, तर नंतरच्या दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के आढळले. बायपासनंतर दारू रक्तात लवकर आणि जोराने चढते, हे त्याचे एक कारण. ज्या दुःखावर आजवर अन्नाची फुंकर घातली जात होती, ते दुःख उघडे पडते, हे दुसरे कारण असू शकते.

पण याचा अर्थ उदास माणसाने ही शस्त्रक्रिया करूच नये, असा मुळीच नाही. २०१६ साली पूर्वीच्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना भान हरपून खाण्याचा विकार असल्याचे दिसले. ‘सदा आनंदी’ माणसांची ही स्थिती! मात्र अशांचे वजन इतरांपेक्षा कमी उतरते, असे खात्रीने दिसले नाही; उलट शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचे नैराश्य कमी झाले. तेव्हा समुपदेशन ही काही नापास करण्याची परीक्षा नव्हे. जीव देण्याचे विचार मनात घोळत असतील, व्यसन सुटलेले नसेल, भ्रम होत असतील, तर आधी ते सावरावयाचे आणि मग शस्त्रक्रिया, एवढाच तिचा अर्थ. मनाची औषधे चालू असतील तर बायपासनंतर ती अंगात निराळ्या प्रमाणात शोषली जातात. म्हणून तीही लपवून ठेवता कामा नयेत.

दुर्दैवाने आपल्याकडे तिला परीक्षेचे, त्याहून वाईट म्हणजे शिक्क्याचे रूप येते. आक्का पहिल्यांदा ज्या ठिकाणी गेली, तेथे दहा मिनिटांत एक छापील प्रश्नावली भरून घेतली आणि ‘योग्य’ असा कागद हाती दिला. आक्का खूश झाली. मला मात्र तो कागद एखाद्या दाखल्यासारखा वाटला. त्यावर सही होती, पण तिची चौकशी नव्हती. सुदैवाने शल्यवैद्यांनी तो बाजूला ठेवला आणि पुन्हा त्या समुपदेशक बाईंकडेच पाठविले.

आक्काची भीती समजण्याजोगी आहे. आमच्या बाजूला ‘याला येरवड्याला पाठवा’ असे म्हटले, की समोरचा काय समजायचे ते समजतो. मनाचा दवाखाना म्हणजे वेड्यांचे इस्पितळ, ही दीडशे वर्षांची समजूत एका चिठ्ठीने कशी जावी? परंतु आपली परंपरा तेवढीच नाही. ज्या चरकसंहितेने स्थूलाला निंदितांत बसविले, तिनेच उपचारांचे तीन प्रकार सांगताना ‘सत्त्वावजय’, म्हणजे अहितकर गोष्टींपासून मनाला आवरणे, हा स्वतंत्र उपचार मानला आहे. सुश्रुताने शस्त्रकर्माआधी रुग्णाला काय द्यावे आणि पोटाच्या शस्त्रकर्मात त्याला उपाशीच का ठेवावे, हे तर सांगितलेच. शिवाय मुतखड्याच्या अवघड शस्त्रकर्मात, न केले तर मरण निश्चित आणि केले तर संशय, म्हणून आधी राजाला विचारून मगच हात घालावा, असेही सांगितले. जखमी माणसाजवळ गोड बोलणारे मित्र बसावेत, त्यांनी गोष्टी सांगून त्याची वेदना विसरवावी, हेही त्याच ग्रंथात आहे. शस्त्राच्या आधी आणि नंतर शब्द हवा, ही गोष्ट आपण परक्यांकडून शिकलेलो नाही. मधल्या काळात विसरलो होतो, एवढेच.

त्या बैठकींत होते तरी काय? आक्काने सांगितले तेवढे सांगतो. खाण्याची वेळ, प्रमाण आणि त्या वेळची मनःस्थिती लिहून ठेवावयास लावतात. शस्त्रक्रियेकडून काय मागता, असे विचारतात. कारण शस्त्रक्रिया वजन उतरविते, पण दुरावलेला मुलगा जवळ आणीत नाही. पुढे जन्मभर लहान घास, सावकाश चावणे, आधी डाळ-अंडी-पनीर आणि मग भात, ब-१२ आणि लोहाच्या गोळ्या, ठरल्या वेळी रक्ततपासणी, हे जमेल का, ते पाहतात. बायपास झालेल्याने गोड खाल्ले तर घाम, धडधड आणि जुलाब होतात. मग लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह झाला तर काय म्हणाल, याची चक्क तालीम घेतात. घरातल्या माणसांनाही बोलावतात.

तिसऱ्या बैठकीत आक्का बोलली. मेहुणे गेल्यापासून तिला रात्री एकला जाग येई. घर झोपलेले. ती अंधारात स्वयंपाकघरात जाऊन डब्यातले लाडू खाई, दिवा न लावता. सूनबाईने डबे वर ठेवले, तर स्टुलावर चढे. “लाडू खाताना चव सुद्धा लागत नव्हती रे,” ती मला म्हणाली, “पण डब्याचं झाकण उघडलं की कुणीतरी घरात आहे असं वाटायचं.” इतकी वर्षे आम्ही भाऊ-बहीण एका गावात राहतो, मी तिला ‘कमी खात जा’ हे शंभरदा सांगितले होते, ‘झोप लागते का’ हे एकदाही विचारले नव्हते.

शस्त्रक्रिया पाच महिने पुढे गेली. त्या काळात वजन फारसे हलले नाही, पण रात्रीचे उठणे कमी झाले. सूनबाई तिच्या खोलीत झोपू लागली. मग शस्त्रक्रिया झाली. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी तिने गोळ्या सोडल्या, थकवा आला, पुन्हा पुण्याला जावे लागले. एकदा रात्रीचे खाणे परत सुरू झाले. या वेळी मात्र तिने चार दिवसांतच त्या बाईंना फोन केला. वजन आता ८० च्या आसपास आहे. मधुमेहाची औषधे निम्म्यावर आली आहेत.

वाचकहो, आपल्या घरात कोणी या शस्त्रक्रियेचा विचार करीत असेल, तर दोन गोष्टी करा. समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. आणि कोणी नुसता शिक्का मारून देऊ लागला तर तो घेऊ नका, बैठकी मागा. पुण्या-मुंबईला वारंवार जाणे जमत नसेल, तर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या कोणत्याही त्रासाविषयी मराठीतून बोलता येते. आणि समुपदेशक भेटेपर्यंत घरच्यांनी निदान एवढे करावे, की वजनाविषयी बोलण्याआधी माणसाविषयी विचारावे.

गेल्या आषाढात पालखी आली तेव्हा आक्का नेहमीप्रमाणे वाढावयास उभी होती. एका म्हाताऱ्या माळकऱ्याने पानावर हात आडवा धरला आणि म्हणाला, “माउली, पुरे.” आक्काचा हात सवयीने पुढे झाला होता. तो तिने मागे घेतला, वाटीतला भात परत पातेल्यात टाकला आणि त्यांना विचारले, “पाय फार दुखतात का हो, माउली?”